‘नाइस’ या एका शब्दाच्या कसाला लावलेला कोश

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गातील एका मुलीने विचारलेल्या प्रश्नापायी मी हा कोश विकत घेतला. वर्षभर तो रोज हाताळल्यावर त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकांनी आणि शब्दांविषयी मनापासून कुतूहल असणाऱ्या कोणत्याही वाचकाने तो एकदा तरी उघडून पाहावा अशी माझी इच्छा आहे. कोशाचे नाव ‘द कन्साइज ऑक्सफर्ड डिक्शनरी ऑफ इंग्लिश एटिमॉलॉजी’ असून टी. एफ. होड हे त्याचे संपादक आहेत. तो पहिल्यांदा १९८६ साली प्रसिद्ध झाला आणि सतरा हजारांहून अधिक इंग्रजी शब्दांचे मूळ तो सांगतो. सतरा हजार शब्दांची परीक्षा मी घेऊ शकत नाही. मी एकच शब्द घेतला, ‘नाइस’ हे विशेषण, आणि त्या एका शब्दावर हा कोश घासून पाहिला.

त्या मुलीला आजोबांच्या कपाटात इंग्रजी व्याकरणाचे एक जुने पुस्तक सापडले होते. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांच्यातील भेद समजावून सांगताना त्या पुस्तकाने ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ असे शब्द वापरले होते. मधल्या सुट्टीत पुस्तक पुढे धरून ती म्हणाली, “बाई, नाइस म्हंजे छान न्हवं? मग ह्यो छान फरक म्हंजे कसला वो?” येथे त्या शब्दाचा अर्थ ‘सूक्ष्म’ असा घ्यायचा, असे मी तिला सांगितले. तिने लगेच विचारले, “पर का?” एकोणीस वर्षे मी इंग्रजी शिकवते आहे, हजारो वह्यांच्या पानांवर लाल शाईने ‘नाइस’ असे लिहिले आहे, आणि त्या ‘का’चे उत्तर माझ्यापाशी नव्हते. शाळेच्या कपाटातील इंग्रजी-मराठी कोशाने ‘छान, चांगला, सुखद’ असे प्रतिशब्द ओळीने देऊन शेवटी ‘सूक्ष्म’ हा शब्द ठेवला होता. प्रतिशब्द देणे एवढेच त्या कोशाचे काम होते आणि ते त्याने नीट केले होते, पण ‘छान’ आणि ‘सूक्ष्म’ हे दोन अर्थ एकाच शब्दात एकत्र कसे नांदतात, याचा त्यात पत्ता लागत नव्हता.

व्युत्पत्तिकोश मिळवणे सोपे गेले नाही. प्रथम एका ऑनलाइन विक्रेत्याकडे मागणी नोंदवली तेव्हा घरी आलेली प्रत मूळ छापील पुस्तकाची नव्हती, छायाप्रत काढून बांधलेली होती, आणि तिची काही पाने गळालेली होती. ती परत पाठवण्यात महिना गेला. अखेर आमच्या कोल्हापुरातल्या महाद्वार रोडला लागून असलेल्या एका गल्लीत जुनी पुस्तके विकणाऱ्या गृहस्थांना सांगून ठेवले आणि त्यांनी तीन आठवड्यांत पुण्याहून एक वापरलेली प्रत साडेतीनशे रुपयांना आणून दिली. मलपृष्ठाचा कोपरा दुमडलेला आहे, आधीच्या मालकाने काही शब्दांपुढे शिसपेन्सिलीने बारीक खुणा केल्या आहेत, पण सगळी पाने जागेवर आहेत.

या कोशामागे कोणाची किती मेहनत आहे हे कळल्यावर त्याच्या आटोपशीर नोंदींकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. जेम्स मरे यांनी सुरू केलेला ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १८८४ ते १९२८ एवढ्या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. ‘एन’ हे अक्षर, म्हणजे ‘नाइस’ ज्यात येतो तो भाग, विल्यम क्रेगी यांनी संपादित केला होता. त्या कामाचे चौथे संपादक सी. टी. अनियन्स यांनी पुढे केवळ शब्दांच्या उगमाला वाहिलेला स्वतंत्र कोश तयार केला, जो त्यांच्या निधनानंतर एका वर्षाने, १९६६ साली, बाहेर आला. होड यांनी त्याच कोशाचा संक्षेप केला. माझ्या हातातल्या पानावरील चार ओळी म्हणजे कित्येक माणसांनी अनेक दशके जमवलेल्या चिठ्ठ्यांचा आटीव रस आहे.

आटीव म्हणजे किती आटीव, हे पहिल्याच संध्याकाळी कळले. ‘नाइस’ची नोंद उघडली आणि ती मला वाचताच आली नाही. भाषांची नावे एकदोन अक्षरांत आटोपलेली, शतके रोमन आकड्यांत लिहिलेली, आणि काही अर्थांच्या आधी कट्यारीसारखे एक छोटे चिन्ह. पुस्तकाच्या सुरुवातीची संक्षेपांची यादी समोर ठेवून एकेक खूण सोडवत गेले तेव्हा ध्यानात आले की कट्यारीचे चिन्ह असलेला अर्थ आज वापरातून गेलेला आहे, आणि रोमन आकडा तो अर्थ इंग्रजीत कोणत्या शतकात प्रथम आढळतो हे सांगतो. ‘नाइस’च्या नोंदीत कट्यारी पुष्कळ आहेत. या शब्दाचे जितके अर्थ आज जिवंत आहेत, त्यांच्यापेक्षा मागे पडलेल्यांचीच दाटी जास्त जाणवते, आणि त्यांतला सर्वांत जुना अर्थ आहे ‘मूर्ख’.

आमच्या वर्गाने या शब्दावर तीन तास घालवले. ‘नाइस’ हा शब्द इंग्रजीत १३०० च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ खुळा, बावळा, साधाभोळा असा होता. फ्रेंचला तो लॅटिन ‘नेस्कियस’ या शब्दापासून मिळाला, ज्याचा अर्थ आहे ‘अज्ञानी’. ‘ने’ म्हणजे नाही, आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. लॅटिनचा हा ‘ने’ आणि आपल्या संस्कृतचा ‘न’ एकाच कुळातले आहेत. होड यांचा कोश येथे वाचकाला ‘सायन्स’ या शब्दाकडे पाठवतो, कारण ‘सायन्स’ हा शब्दही त्याच ‘स्किरे’पासून निघाला आहे. जाणणे ते सायन्स, आणि न जाणणारा तो नाइस. हे फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हंजे सायन्सचा आन् नाइसचा आजा एकच की वो बाई!” माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत शब्दकुळाची इतकी अचूक व्याख्या मी ऐकलेली नाही.

‘स्किरे’ या धातूच्याही मागे जाता येते. मुळात त्याचा अर्थ ‘कापणे, वेगळे करणे’ असा असावा आणि एक वस्तू दुसरीपासून वेगळी ओळखण्यावरून तो ‘जाणणे’ या अर्थाला आला असावा, असे व्युत्पत्तीचे अभ्यासक मानतात, आणि संस्कृतातील ‘छिद्’ या धातूशी त्याचे नाते जोडतात. ज्या ‘छिद्’पासून आपले छेद आणि छिद्र हे शब्द झाले, तोच हा धातू. वाचताना मी थांबले, कारण मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नाही. ‘विवेक’ हा शब्द ‘वि’ आणि ‘विच्’ यांपासून झाला आहे आणि त्याचाही मूळ अर्थ वेगळे करणे असाच आहे. हंस दूध आणि पाणी वेगळे करतो त्याला आपण नीरक्षीरविवेक म्हणतो.

मूळ अर्थ ‘अज्ञानी’, मग तो ‘छान’पर्यंत पोहोचला कसा? उत्तर एका उडीत मिळत नाही, आणि कोशाचा खरा उपयोग येथेच कळतो. अज्ञानी म्हणून मूर्ख, हा पहिला टप्पा. मूर्खपणाचे एक ठळक रूप म्हणजे कपड्यालत्त्यात, थाटामाटात आणि वागण्यात वाहवत जाणे. त्यामुळे चौदाव्या शतकात हा शब्द उच्छृंखल, चवचाल, नखरेल माणसाला लागू झाला. नखरेल माणूस ज्याला त्याला नाक मुरडतो, म्हणून तो किरकिऱ्या, सहज न रुचणारा, अशा अर्थाला आला. त्याच सुमारास लाजरेपणा, नाजूकपणा यांच्याही छटा त्याला चिकटल्या. सहज न रुचणारा माणूस बारकाईने पाहतो, म्हणून सोळाव्या शतकात ‘नाइस’ म्हणजे काटेकोर, नेमका, बारीक भेद ओळखणारा असा अर्थ रुळला. बारीक पारख असणाऱ्याला जे पसंत पडते ते उत्तमच असणार, म्हणून अठराव्या शतकात, १७६९ च्या सुमारास, ‘रुचणारा, सुखद’ हा अर्थ आला, आणि १८३० च्या सुमारास माणसाला उद्देशून ‘भला, प्रेमळ’ हाही अर्थ आला. आपल्या मुलांना आपण पहिल्या इयत्तेत शिकवतो तो अर्थ सर्वांत तरुण आहे, आणि त्या मुलीच्या आजोबांच्या पुस्तकातील ‘सूक्ष्म फरक’ हा त्याच्याहून दोन शतकांनी वडील आहे.

या सगळ्या पायऱ्यांसाठी मराठीत इतके नेमके शब्द आहेत की भाषांतर करावेच लागले नाही. किरकिऱ्या आणि पारखी यांच्या मधल्या जागेवर आपल्याकडे ‘चोखंदळ’ हा शब्द बसलेला आहे, आणि तो तर माझ्या घरातलाच आहे. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफपेठेत, चाळीस वर्षे सोन्याची कारागिरी केली. साज हा गळ्यातला दागिना घ्यायला आलेली एखादी बाई त्याचे एकेक पान उलटसुलट करून, उजेडात धरून, डाग, म्हणजे सोन्याचा जोड, कोठे बसला आहे हे नखाने चाचपून पाहत असे, आणि ती गेल्यावर आण्णा म्हणत, “चोखंदळ गिऱ्हाईक हाय.” कधी त्यात त्रासल्याचा सूर असे आणि कधी आदराचा. चौदाव्या ते सोळाव्या शतकांतला ‘नाइस’ मला त्या एका वाक्यात सापडला. जो शब्द तक्रार म्हणून उच्चारला जातो, तोच दुसऱ्या दिवशी प्रशस्तिपत्र होऊ शकतो, आणि भाषा अशा दुहेरी सुरांतूनच एका अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे सरकते.

‘अ नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे काय, हे मुलांना दाखवण्यासाठी मी एका शनिवारी आण्णांचा कसाचा दगड वर्गात नेला. काळा, गुळगुळीत, तळहाताएवढा दगड. त्यावर दागिना अलगद घासला की सोन्याची एक बारीक रेघ उमटते. तिच्या शेजारी, ज्याचा कस आधीपासून माहीत आहे अशा सोन्याची दुसरी रेघ ओढायची आणि दोन्हींच्या रंगांची तुलना करायची. मग दोन्हींवर तेजाबाचा थेंब फिरवायचा आणि कोणती रेघ किती टिकते ते पाहायचे. तेजाब अर्थातच मी वर्गात नेले नाही. आण्णांनी घरी ओढून दिलेल्या दोन रेघा मात्र तशाच ठेवल्या होत्या. पहिल्या नजरेला दोन्ही सारख्याच पिवळ्या दिसतात. खिडकीपाशी नेऊन दगड जरा तिरपा धरला की एकीत तांबूस झाक दिसू लागते. हा तो ‘नाइस’ फरक. त्या शब्दाचा हा अर्थ ‘नाइसिटी’ या नामात आजही टिकून आहे, आणि कायद्याच्या लिखाणात एखाद्या बारीक मुद्द्याला ‘अ नाइस पॉइंट’ म्हणतात तेव्हाही हाच अर्थ असतो. मराठीत आपण त्याला ‘नाजूक मुद्दा’ म्हणतो, आणि ‘नाजूक’ हा शब्द आपल्याकडे फार्सीतून आला आहे. इंग्लंडमध्ये १०६६ नंतर राज्यकर्त्यांच्या फ्रेंचने इंग्रजीला जे दिले, तेच दख्खनच्या दरबारांतील फार्सीने मराठीला दिले. पुढे आमच्याच राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेल्या माधव जूलियन यांनी १९२५ साली फार्सी-मराठी कोश सिद्ध केला, तेव्हा कोल्हापूरला हा विषय नवा नाही.

या शब्दाचे भाऊबंद दुसऱ्या घरांत वेगळेच जगले. स्पॅनिश भाषेत त्याच लॅटिन शब्दापासून झालेला ‘नेसिओ’ आजही ‘मूर्ख’ या अर्थानेच वापरतात. एकाच आईची दोन मुले, एक परगावी जाऊन प्रतिष्ठित झाला आणि दुसऱ्याने घराचे जुने नाव सोडले नाही.

एका शब्दावर कोश उतरला म्हणून समाधान मानू नये, या विचाराने मी ‘सिली’ हे विशेषण काढले, आणि तेथे मला ‘नाइस’चा आरसाच मिळाला. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या पूर्वजाचा अर्थ सुखी, धन्य, ईश्वराची कृपा असलेला असा होता. जर्मनमधील ‘झेलिश’ हा त्याचा सगा शब्द अजूनही तो अर्थ सांभाळून आहे. इंग्रजीत मात्र धन्य माणूस निष्पाप ठरला, निष्पाप तो बापडा, बापडा तो दुबळा, आणि दुबळा तो शेवटी मूर्ख. ‘नाइस’ मूर्खपणातून वर चढत चांगुलपणाला पोहोचला आणि ‘सिली’ धन्यतेतून खाली उतरत मूर्खपणाला. भाषाशास्त्रात एकाला अर्थोत्कर्ष आणि दुसऱ्याला अर्थापकर्ष म्हणतात, पण मुलांना ही नावे सांगण्याआधी मी त्यांना ‘भोळा’ हा शब्द दिला. भोळा शंकर म्हणताना आपण हात जोडतो, भोळीभाबडी बाई म्हणताना कणव येते, आणि ‘भोळसट’ म्हणताना त्या माणसाला आपण कमी लेखतो. ‘सिली’ने सात-आठशे वर्षांत केलेला प्रवास आपण एका शब्दाच्या शेपटात करतो.

आणि ‘नाइस’ने केलेला प्रवास कोल्हापूरने रस्त्यावर करून दाखवला आहे. खुळा म्हणजे वेडा, बिनडोक. ‘खुळ्यासारखं करू नकोस’ हे रागावणे आहे. पण त्याच शब्दाला ‘नाद’ जोडला की ‘नाद खुळा’ ही आमच्या शहराची सर्वांत मोठी शाबासकी होते. कुस्ती नाद खुळा, तांबडा रस्सा नाद खुळा, दहावीत पहिली आलेली पोरगीही नाद खुळा. ‘भारी’चेही तसेच. ‘भार’ या शब्दापासून आलेला, वजनदार एवढाच अर्थ असलेला हा शब्द आधी भारी साडीच्या किमतीला लागला आणि मग ‘जगात भारी’ होऊन बसला. होड यांच्या कोशातील ‘मूर्ख’पासून ‘सुखद’पर्यंतची शतकांची रांग वाचून ज्यांना ती अविश्वसनीय वाटेल, त्यांनी संध्याकाळी रंकाळा तलावाच्या काठावर अर्धा तास बसून लोकांची बोलणी ऐकावीत. मूर्खपणा दाखवणारा शब्द कौतुकाचा कसा होतो, याचा पुरावा तेथे दर मिनिटाला मिळतो.

आता कोशाच्या मर्यादांविषयी. सर्वांत मोठी मर्यादा त्याच्या संक्षेपातच आहे. अर्थ आणि शतक तो देतो, पण त्या अर्थाने शब्द वापरलेले एकही वाक्य देत नाही. ‘मूर्ख’, ‘नखरेल’, ‘चोखंदळ’, ‘काटेकोर’ अशी रांग वाचली की एकापासून दुसऱ्यापर्यंत माणसे कशी आली हे वाचकाला स्वतः जुळवून घ्यावे लागते. वर दिलेली साखळी मी अनेक ठिकाणी वाचून जुळवली आहे, ती जशीच्या तशी या पानावर मिळणार नाही. वाक्यांसहित इतिहास हवा असेल तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाकडे गेल्याशिवाय गत्यंतर नाही, ज्याची १९८९ ची दुसरी आवृत्ती वीस खंडांची आहे. मात्र ‘नाइस’च्या बाबतीत तो थोर कोशही एके ठिकाणी हात टेकतो. सोळाव्या-सतराव्या शतकांतील पुष्कळ वाक्यांत लेखकाला या शब्दाचा नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता हे सांगणे कठीण आहे, असे त्याने स्वच्छ नमूद केले आहे. संपूर्ण पुरावा हाताशी असताना एवढे कबूल करणाऱ्या संपादकांविषयी माझ्या मनात आदर वाढला.

गावांची नावे हा या कोशाचा विषय नाही, ही दुसरी गोष्ट. फ्रान्समधील समुद्रकाठच्या ज्या शहराचे नाव इंग्रजीत अगदी ‘नाइस’सारखेच लिहितात पण ‘नीस’ असे उच्चारतात, त्याचा या विशेषणाशी संबंध आहे का, असे एका मुलाने विचारले होते. संबंध नाही. ते नाव ग्रीकांनी वसवलेल्या ‘निकाइआ’चे आहे आणि त्याच्या मुळाशी विजय या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. हे मला अन्यत्र शोधावे लागले. कोश १९८६ चा असल्याने अलीकडच्या संगणकी शब्दांसाठीही तो उघडू नये.

अक्षर बारीक आहे, पन्नाशी ओलांडलेल्या वाचकाने भिंग जवळ ठेवावे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कागद दमट होतो म्हणून मी तो जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवते. याहून जास्त बांधणीविषयी सांगण्यासारखे काही नाही.

मोफत साधने असताना पैसे का घालावेत, असा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला. तो रास्त आहे. डग्लस हार्पर यांनी उभा केलेला ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हा कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतो, आणि १७६९ किंवा १८३० यांसारखे नेमके सन मी तेथूनच घेतले आहेत. केंब्रिजचे प्राध्यापक वॉल्टर स्कीट यांचा एकोणिसाव्या शतकातला व्युत्पत्तिकोशही स्वामित्वहक्क संपल्यामुळे इंटरनेटवर उपलब्ध आहे. तरीही मी छापील कोश जवळ ठेवते, कारण फोनवर मी विचारलेला शब्दच येतो आणि पानावर त्याचे शेजारी येतात. शिवाय आमच्या वर्गात फोन चालत नाही आणि पुस्तक चालते. एका बाकावर चौघी डोके घालून कट्यारीच्या खुणा मोजतात, हे दृश्य फोनने घडवले नसते. ज्यांना मराठी शब्दांची गोडी आहे त्यांनी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ शेजारी ठेवावा. दोन्ही उघडून बसले की एका भाषेतील प्रश्नाचे उत्तर कितीतरी वेळा दुसरीत सापडते.

शेजारचे शब्द म्हणजे काय, याचा एक अनुभव सांगते. आण्णांनी एकदा विचारले, “आमच्या कस लावण्याला काय म्हनत्यात इंग्रजीत?” मी ‘असे’ (assay) हा इंग्रजी शब्द काढला. तो फ्रेंचमधून आलेला, आणि मागे जाता जाता वजन करणे या अर्थाच्या लॅटिन शब्दापर्यंत पोहोचणारा. पण त्याच मुळापासून निघालेला दुसरा इंग्रजी शब्द आहे ‘एसे’ (essay), म्हणजे निबंध. आण्णांनी चाळीस वर्षे जे केले आणि मी एकोणीस वर्षे निबंधाच्या वह्या पुढे घेऊन जे करते आहे, त्या दोन्ही कामांची इंग्रजी नावे एकाच घरातली आहेत, हे त्यांना वाचून दाखवले तेव्हा ते काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त पुस्तक हातात घेऊन ते पान बराच वेळ पाहिले.

वह्यांवर ‘नाइस’ लिहिणे मी बंद केलेले नाही, पण तो शब्द लिहिताना आता हात थोडा थांबतो आणि त्याच्यापुढे काय चांगले आहे तेही लिहिले जाते. सरसकट प्रत्येक चांगल्या गोष्टीला हा एकच शब्द लावण्याची सवय इंग्रजांनाही लागली होती आणि त्यांच्याच लेखकांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिची टर उडवली होती. मिसळही नाइस, हॉटेलातली वागणूकही नाइस आणि पार्किंगही नाइस, असे अभिप्राय आपण रोज वाचतो. ज्या शब्दाने तीन शतके बारीक फरक दाखवण्याचे काम केले, त्याच शब्दाखाली सगळे फरक बुजून जावेत याची मला खरोखर हळहळ वाटते.

माध्यमिक शाळेतील इंग्रजीचे शिक्षक, भाषांतर करणारे, आणि महाविद्यालयात भाषा हा विषय घेतलेले विद्यार्थी यांना हा कोश मी निःसंकोचपणे सुचवीन. ज्यांना फक्त अर्थ पाहायचा आहे त्यांना त्याचा उपयोग नाही. नवी प्रत महाग वाटली तर वापरलेली चालेल, मात्र पैसे देण्याआधी ‘एन’ अक्षर काढून ‘नाइस’चे पान जागेवर आहे ना ते पाहावे, आणि सुरुवातीची संक्षेपांची यादी आवर्जून तपासावी, कारण ती पाने गळालेली असतील तर पुढचा सगळा कोश हाती असूनही वाचता येणार नाही.